मिठाचा अंदाज

बाबाजी मामा नसरुद्दीनच्या हातचं खात नाही, हे सौदीतल्या जुबैलच्या त्या कॅम्पात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कारणही सगळ्यांनी आपापल्या मनाने ठरवून टाकलं होतं. मामा हिंदू, नसरुद्दीन मुसलमान. आणखी काय पाहिजे? कॅम्पातली झाडून सगळी माणसं मेसच्या लांब बाकांवर बसून नसरुद्दीनने रांधलेला भात ओरपायची आणि हा म्हातारा, अवजड पाइप दोरांनी उचलणाऱ्या रिगरांचा फोरमन, आपल्या खोलीमागे स्टोव्ह पेटवून उकड्या तांदळाची पेज शिजवत बसायचा. "म्हणे आझाद हिंद सेनेचा शिपाई! बोलाचाच भात नि बोलाचीच कढी," असं पोरं पाठीमागे म्हणायची. मामाच्या कानावर ते यायचं. तो गुमान पेज ढवळायचा.

खरं कारण त्या दोघांनाच माहीत होतं. ते सांगितलं असतं तर मामाच्या कपाळावरचा डाग पुसला गेला असता आणि नसरुद्दीनच्या कपाळी लागला असता. म्हणून मामाने ते कधी सांगितलं नाही. ज्याचं तोंड पाहायचं नाही त्याचीच अब्रू जपायची, असला हा तिरपागडा माणूस. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, त्यातला.

दोघं बाणकोटच्या खाडीचे, एक अल्याडचा, एक पल्याडचा. एकाच वर्षी खडकीला पूल-रस्ते बांधणाऱ्या सॅपर्सच्या पलटणीत भरती झाले, एकाच बोटीतून मलायात गेले, सिंगापूर पडलं तेव्हा एकाच कुंपणाआड कैदी झाले. पुढे आझाद हिंद फौज उभी राहिली तेव्हा दोघांनी एकाच दिवशी तिच्यात नाव घातलं. इंग्रजांच्या पलटणीत हिंदूंची चूल निराळी, मुसलमानांची निराळी, पाण्याची पिंपंसुद्धा निराळी. या फौजेत सगळ्यांना मिळून एकच चूल. पहिल्या दिवशी कित्येकांचा घास हातातच राहिला. बाबाजी आणि नसरू मात्र एका ताटात जेवले. इम्फाळच्या डोंगरात ते ताटही गेलं, उकडलेला पाला खाऊन दिवस काढावे लागले. माघारी फिरताना बाबाजी तापाने चिखलात पडला तेव्हा नसरूने त्याला पाठुंगळी घेतलं आणि नदी ओलांडली.

मग लढाई संपली. कलकत्त्याजवळच्या एका छावणीत गोऱ्यांनी या शिपायांची निवड सुरू केली, सुपात तांदूळ निवडावे तशी. एकेकाला तंबूत बोलवायचं आणि एकच गोष्ट विचारायची: फौजेत स्वखुशीने गेलास, की जबरदस्तीने नेलं? जबरदस्तीने म्हणाला तो पांढरा. त्याची नोकरी परत. धड हो नाही नि नाही नाही, तो करडा. स्वखुशीने म्हणाला तो काळा. त्याची नोकरी गेली, पगार गेला, वर कोठडी. नसरू आधी आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांत साहेबाने दिलेली सिगारेट होती आणि तो मान खाली घालून बाबाजीच्या अंगावरून निघून गेला. आत साहेब बाबाजीला म्हणाला, "तुझा दोस्त सांगतो, तुम्हाला मारून मारून नेलं. तूही तेवढंच म्हण आणि घरी जा." बाबाजी म्हणाला, "मी माझ्या पायांनी गेलो."

एक काळा ठरला, एक पांढरा. पांढऱ्याने पलटणीत राहून पेन्शन घेतली. काळ्याने मुंबईच्या गोदीत वायरचे दोर ओढत जन्म काढला. तेहेतीस वर्षं दोघांत शब्द नाही. आणि मग तेलाच्या पैशाने सगळ्या कोकणाला वेड लावलं, तशी ही दोन म्हातारी खोडंही एजंटाच्या दारात गेली आणि नशिबाने बरोबर एकाच कॅम्पात आणून टाकली. एजंटाने पासपोर्टावर दोघांचीही वयं भरपूर खाली आणली होती. त्या हिशेबाने आझाद हिंद फौजेत ही दोघं मिसरूड फुटायच्या आधीच लढली होती.

तर तो अठ्ठ्याहत्तर सालचा उन्हाळा. कारखान्याची पाइपलाइन संपवायची घाई होती आणि कॅम्पच्या टाकीतलं पाणी खारट झालं होतं. आधी गोड्या पाण्याचा टँकर यायचा. कंत्राटदाराने तो बंद केला आणि जवळच्या विहिरीचं पाणी टाकीत सोडलं. नसरुद्दीनने आमटीत मीठ घालणंच सोडून दिलं. नुसतं पाणी ओतलं की काम भागायचं. मामाच्या पेजेलाही मीठ लागत नसे. तेवढ्या एका बाबतीत दोन्ही चुलींचं जमलं होतं. वर गंमत अशी की उन्हाची बाधा होऊ नये म्हणून कंपनी रोज फाटकावर मिठाच्या गोळ्या वाटायची. माणसांची पोटं बिघडली, कुणाला मुतखड्याच्या कळा सुरू झाल्या. आणि एका बुधवारी भिकू वेल्डर चक्कर येऊन उंच पाइपांवरून खाली पडला. त्याची कंबर मोडली. त्याला दम्मामच्या इस्पितळात नेलं आणि जिथे तो पडला होता तिथली वाळू दुसऱ्या दिवशी कुणीतरी सारखी करून टाकली.

ती सारखी केलेली वाळू पाहून दत्तारामचं डोकं फिरलं. दत्ताराम म्हणजे मामाच्या बहिणीचा, सत्यभामेचा, एकुलता एक मुलगा. पाइपफिटर. हात सोन्याचे, जीभ तिखट. बायको पारू तिकडे दिवसांत होती. पाण्यासाठी ऑफिसात जाऊन भांडणारा तोच, आणि शनिवारी कामावर जायचं नाही असं पहिल्यांदा बोलला तोही तोच. मामाला त्याचा अभिमानही वाटला आणि धास्तीही. या मुलखात संप हा शब्दसुद्धा उच्चारायची चोरी. साध्या माणसाला विमानात बसवून देतात, पुढाऱ्याला तुरुंगात टाकतात, आणि तिथून तो कधी सुटेल ते त्याच्या आईनेही विचारायचं नाही. "माझा मुलगा तुझ्या ओटीत घालत्येय," असं सत्यभामा बाणकोटच्या धक्क्यावर मामाला म्हणाली होती. ते शब्द मामाला आता झोपू देत नव्हते.

शुक्रवारी सुट्टी. दुपारच्या जेवणानंतर माणसं मेसमध्येच बसून राहिली आणि मामा जन्मात पहिल्यांदा त्या मेसच्या बाकावर येऊन बसला. नसरुद्दीन स्वयंपाकघराच्या दारात कांदे सोलत होता. मामाने त्याच्याकडे पाठ केली.

"उद्या ते सगळ्यांना एकत्र काय विचारायचे नाय," मामा म्हणाला. "एकेकाला बोलवतील. चहा देतील. विचारतील, तू आपणहून बसलास की कुणी बसवलं? आपणहून म्हणालास तर खलास, घरी जा. कुणी बसवलं म्हणालास तर नाव सांग आणि कामावर जा. हा प्रश्न मला नवा नाय. गोऱ्यांनी आम्हाला हाच विचारलावता."

"मग तुम्ही काय म्हणालाव, मामा?" दत्तारामने विचारलं.

"मी काय म्हणालो ते सोड. आम्ही इम्फाळला हरलो. रंगूनला हत्यारं टाकली. म्हणजे आमचं काय उरलं? काय नाय. पण गोऱ्यांनी चूक केली. लाल किल्ल्यात आमचे तीन अधिकारी एकत्र उभे केले, एक हिंदू, एक मुसलमान, एक शीख. तिघांतला एकही दुसऱ्याच्या अंगावर ढकलून सुटायला गेला नाय. अख्खा देश पेटला. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मुंबईला नाविकांनी बोटींवरचे बावटे उतरवले. गोऱ्यांना कळून चुकलं, आता शिपाई आपला राहिला नाय, नि शिपायाबिगर राज्य चालत नाय. लढाई जिंकून जे झालं नसतं ते आमच्या हरण्याने झालं. पण कशामुळं? तिघांनी एकमेकांना सोडलं नाय म्हणून."

मामाने सगळ्यांकडे पाहिलं.

"उद्या सगळ्यांचं उत्तर एक. स्वखुशीने बसलो, कुणी बसवलं नाय, गोडं पाणी द्या, लगेच उठतो. पाइपलाइन हातातोंडाशी आलीय, सगळ्यांना घरी धाडून कंपनीला परवडायचं नाय. पण एक जरी फुटला तरी पोलीस दत्तारामला घेऊन जातील. एक जरी."

"एक जरी" म्हणताना त्याची पाठ दाराकडेच होती, पण ते कुणाला उद्देशून होतं ते दारातल्या माणसाला बरोबर कळलं. कांदे सोलणारी सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

शनिवारी सकाळी बसगाड्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि एकही माणूस चढला नाही. सगळे पत्र्याच्या लांब शेडमध्ये जमिनीवर मांडी घालून बसले, लग्नाच्या पंगतीला बसावं तसे. "यल्ला, यल्ला," म्हणून ड्रायव्हर ओरडून ओरडून थकला. थोड्या वेळाने पोलिसांची गाडी आली आणि फाटकाबाहेर नुसतीच उभी राहिली. त्या नुसत्या उभ्या राहण्याची भीती जास्त होती. दत्ताराम पुढच्या रांगेत बसला होता. मामाने त्याला कॉलर धरून मधल्या रांगेत ओढलं.

मग ऑफिसमधून बोलावणी सुरू झाली. पर्सोनेल मॅनेजर एक लेबनानी साहेब होता, गोड बोलणारा, सुगंधी माणूस. त्याचं इंग्रजी मजुरांना सांगायला आणि मजुरांचं त्याला सांगायला पुण्याचा उमाकांत नावाचा क्लार्क बसे. आत गेलेल्या माणसाला मागच्या दाराने काढून खोल्यांच्या बाजूला नेत होते. शेडमधल्यांना कोण काय म्हणाला ते कळायला मार्ग नव्हता.

पहिलं बोलावणं नसरुद्दीनला आलं.

नेमकं याला पहिलं का? मामा ऑफिसच्या दारावर डोळे लावून बसला. उकाड्याने पत्रा तडतडत होता, पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते, आणि आत वेळ लागत होता. दुसऱ्या कुणालाही मागच्या दाराने काढलं असतं. नसरुद्दीनला पुढच्या दाराने आणलं. साहेब स्वतः पायरीपर्यंत आला, सगळ्या शेडसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हसून काहीतरी बोलला आणि त्याला मेसकडे कामाला पाठवून दिलं. नसरुद्दीन मान खाली घालून शेडवरून निघून गेला.

तीच मान. बाबाजीला तंबू आठवला, सिगारेट आठवली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर दूधच पुन्हा समोर आलं होतं, असं त्याला वाटलं. त्याने दत्तारामकडे पाहिलं. तो पोरगा शेजारच्याला काहीतरी सांगून हसवत होता. फाटकाबाहेर पोलिसांची गाडी होतीच.

एकामागून एक माणसं आत जात राहिली. सूर्य डोक्यावर येऊ लागला तेव्हा मामाचं नाव पुकारलं.

ऑफिसात एसीचा गारठा होता. साहेबाने खुर्ची दिली, चहा मागवला. उमाकांत टेबलाच्या कोपऱ्याशी कागद घेऊन बसला होता, त्याचा चेहरा आजाऱ्यासारखा उतरला होता. साहेब बराच वेळ बोलला. मग उमाकांतने मराठीत सांगितलं, "मामा, साहेब म्हणतात, तुम्ही वडीलधारे आहात, तुम्हाला त्रास द्यायचा नाही. तुमचा आचारी शहाणा निघाला. त्याने सकाळीच सगळं सांगितलं. दत्तारामने मेसमध्ये सगळ्यांना शपथ घातली आणि जबरदस्तीने बसवलं. पोलीस त्यालाच न्यायला आलेत. तुम्ही एवढ्याला हो म्हणा, म्हणजे साहेब पोलिसांना सांगून त्याला नुसतं घरी पाठवता येतं का बघतील."

"नसरुद्दीन असं म्हणाला?"

उमाकांतने ते साहेबाला सांगितलं. साहेबाने मान हलवली. मामाने उमाकांतच्या डोळ्यांत पाहायचा प्रयत्न केला. पोराने नजर कागदावरून उचलली नाही, त्याचे कान मात्र लालबुंद झाले होते. मामाला वाटलं, आपल्या माणसाने आपल्या माणसाचा गळा कापला, त्याची ही लाज.

मग त्याला काही ऐकू येईना. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. सत्यभामा धक्क्यावर उभी होती, पारू तिच्या मागे पोटावर पदर ओढून उभी होती. नसरूने पुन्हा तेच केलं. या वेळी माझ्या पोराच्या गळ्याशी केलं. आता सगळे एक उत्तर देतील की दोन, याला काही अर्थ उरला नाही. नाव गेलेलं आहे. पोलिसांना एक माणूस हवा आहे, तर त्यांना एक माणूस देऊ.

"त्यांना सांग," मामा म्हणाला, "आचारी खोटं बोलतोय. दत्ताराम पोर हाय, त्याला कोण विचारतो? मी बसवलं सगळ्यांना. मी फौजेतला माणूस. जो बसमध्ये चढेल त्याचे पाय मोडीन म्हणालो. सगळी मला भ्यायली."

उमाकांतने झटकन वर पाहिलं. "मामा, नीट विचार करून—"

"सांग त्यांना."

उमाकांतने सांगितलं. साहेबाच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. त्याने एक छोटा प्रश्न विचारला. उमाकांतने तो अगदी खालच्या आवाजात मराठीत आणला, "म्हणजे सगळ्यांना जबरदस्तीने बसवलं?"

"हो," मामा म्हणाला. "जबरदस्तीने."

काळ्यांच्या कोठडीत सडला, गोदीत कंबर वाकवली, पण जो शब्द त्याने गोऱ्यापुढे तोंडातून काढला नव्हता तो आता टेबलावर पडला होता. साहेब उठला आणि फोन करायला शेजारच्या खोलीत गेला. दार लागलं तसा उमाकांत पुढे झुकला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मामा, काय करून बसलात! आचारी एक अक्षर बोलला नाही. साहेबांनी त्याला चारदा विचारलं, चारदा म्हणाला, स्वखुशीने. मग पोलिसांची धमकी दिली, तरी स्वखुशीने. त्याच्या मागून जेवढे आले तेवढे तेच म्हणाले. कुणी फुटलं नाही, मामा. साहेबांच्या हातात काहीच नव्हतं. खांद्यावर हात ठेवला तो मुद्दाम, तुम्हाला दिसावा म्हणून. आणि ते खोटं मला माझ्या तोंडाने तुम्हाला सांगावं लागलं. माझा इथे राहायचा परवाना, इकामा, त्यांच्या हातात आहे हो..."

मामा खुर्चीत बसून राहिला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. सगळ्या मेसला त्याने बजावलं होतं, एक जरी फुटला तरी. आणि फुटला तो कोण? आचारी नाही, पाइपफिटर नाही, घाबरट पोरंही नाहीत. आझाद हिंद सेनेचा शिपाई फुटला. तोही भीतीने नाही, ज्याने आपल्याला पाठीवर घेऊन नदी ओलांडली त्याच्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून.

त्याला ऑफिसमागच्या सामानाच्या खोलीत बंद केलं. खिडकी नव्हती. हातमोज्यांचे खोके, हेल्मेटची चळत आणि भिंतीपलीकडे एसीच्या यंत्राचा आवाज, त्यामुळे बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. बाहेर काय झालं असेल? आपल्याला पुढारी मिळाला म्हणून साहेबाने बाकीच्यांना दमात घेऊन बसमध्ये कोंबलं असेल. पाणी गेलं खड्ड्यात. की दत्ताराम उठून "मामा नाय, मी" म्हणून ओरडला असेल? तो ओरडणारच, तिखट जिभेचा. मग दोघंही गेले. मामा उठला, दार ठोठावलं, कुणी आलं नाही. तो पुन्हा बसला. चिखलातल्या त्या दिवसापासून त्याला कधी इतकं असहाय वाटलं नव्हतं, आणि त्या दिवशी निदान कुणाची तरी पाठ होती.

दार उघडलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मागच्या बाजूने नेऊन त्याला एका डबल कॅबिनच्या पिकअपमध्ये बसवलं. पुढे ड्रायव्हर आणि एक पोलीस, पोलिसाच्या मांडीवर दोन पासपोर्ट. मागच्या सीटवर नसरुद्दीन बसला होता. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा, पायाशी पत्र्याची ट्रंक.

गाडी धाहरानच्या विमानतळाच्या रस्त्याला लागली. तेव्हा मामानेच विचारलं, "तू कुठं?"

"घरी."

"तुला कुणी काढलं?"

"कुणी नाय. तुला बंद केल्याचं कळलं तसा साहेबाच्या पुढ्यात जाऊन उभा राह्यलो. म्हटलं, बाबाजीने मला बसवलं नाय. मी स्वखुशीने बसलो, तसं लिवून घ्या. साहेब म्हणाला, तुझं प्रकरण मिटलं, जा, कांदे काप. मी म्हटलं, नाय मिटलं. लिवून घ्या. तो चिडला. म्हणाला, मग तूही जा त्याच्याबरोबर. म्हटलं, बरं."

मामाने खिडकीबाहेर पाहिलं. वाळू आणि पाइप, पाइप आणि वाळू.

"दत्ताराम?"

"हाय जाग्यावर. ओरडायला उठलावता. मी मेसमधनं धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात दाबला नि म्हटलं, तुझ्या मामाने जे केलं ते फुकट घालवशील तर याद राख. चौघांनी धरून बसवला. पोलिसांना एक हवा होता, दोन मिळाले. पाइपलाइनच्या घाईत तुरुंगाचा बोभाटा साहेबाला नको होता, म्हणून दोघांना नुसतं विमानात बसवतोय. त्याचं नाव कुणाच्या तोंडी नाय."

मामाचा जीव भांड्यात पडला. पण दुसरा प्रश्न त्याच्या तोंडातून निघेना. आपण फुटलो, त्यापायी बाकीच्यांच्या हाती काय लागलं, हे विचारायची त्याला लाज वाटत होती.

"नसरू," तो म्हणाला, "मला त्यांनी सांगितलं, तू नाव दिलंस. आणि मी ते धरून चाललो. एकदासुद्धा वाटलं नाय की खोटं असेल."

नसरुद्दीन फडक्याची गाठ सोडत होता. "का वाटावं? पंचेचाळीस साली खरंच होतं ते. बाबाजी, मला कुणी मारलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. मी घाबरलो. बस, एवढंच. बाहेर तू उभा होतास, तुझ्या डोळ्याला डोळा देववला नाय. नि मग इथं आल्यावर रोज बघत होतो, तू मागं बसून पेज शिजवतोस, पोरं तुला धर्मवेडा म्हणतात नि तू ऐकून घेतोस. एक दिवस तरी खरं सांगून टाकायचंस. मला बरं वाटलं असतं."

"तुला बरं वाटावं म्हणून मी कशाला सांगू?" मामा म्हणाला. त्याचा आवाज फाटला. ती चिडण्याची धडपड होती, पण जमली नाही.

नसरुद्दीनने डबा उघडला. भात आणि वर सुरमईचं तांबडं कालवण. गाडीत कोकमाचा वास भरला. पुढच्या पोलिसाने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागला.

"सकाळपासून उपाशी असशील. खा," नसरुद्दीन म्हणाला. आणि मग जरा थांबून, "म्हणजे खाणार असशील तर."

मामा त्या डब्याकडे पाहत राहिला. मग त्याने सदऱ्याला हात पुसला, भात कालवला आणि घास तोंडात घातला. चावला, गिळला. दुसरा घेतला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"नसरू, मीठ कमी पडलंय."

"पडणारच," नसरुद्दीन म्हणाला. "खाऱ्या पाण्यात रांधून रांधून हात आखडला माझा. तू गेल्यावरही कुणी बसमध्ये चढला नाय. म्हणाले, आधी पाणी. दुपारी गोड्या पाण्याचा टँकर आला, टाकी धुऊन भरली, मग बसा सुटल्या. त्याच पाण्यात केलंय हे. अंदाज चुकला."

मामाचा हात डब्यातच थांबला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसायचा प्रयत्न केला नाही. मग त्याने डाव्या हाताने सदऱ्याचा खिसा चाचपला. फाटकावर मिळालेली मिठाची एक गोळी तळाशी पडून राहिली होती. त्याने ती डब्याच्या झाकणाखाली चुरडली, भातावर सारखी पसरली आणि डबा दोघांच्या मध्ये सरकवला.